सेंटर कोर्टावरचे मीठ

परभणीला साडेपाच हजार आसनांचे टेनिस स्टेडियम असावे, अशी मागणी परभणीतल्या एकाही माणसाने कधी केली नव्हती. मागण्या होत्या, पाण्याच्या होत्या, रस्त्यांच्या होत्या, रेल्वेच्या जादा डब्यांच्या होत्या. पण त्या अर्जांच्या रूपाने कचेऱ्यांत गेल्या आणि तिथेच त्यांना सद्गती मिळाली. स्टेडियमसाठी कोणी अर्ज केला नाही, म्हणूनच बहुधा ते झाले. शहराच्या कडेला, जिथे काळी जमीन सुरू होते तिथे, एखाद्या अवाढव्य परातीसारखे ते बसले आहे. गेल्या नऊ वर्षांत तिथे चार पोलीस भरत्या, दोन मतमोजण्या, एका महाराजांचे सात दिवसांचे प्रवचन आणि टेनिसच्या तीन स्पर्धा पार पडल्या. स्पर्धा पार पडल्या असे म्हणणे हा केवळ उपचार. तिन्ही उपांत्य फेरीच्या अलीकडेच गुंडाळल्या गेल्या.

डॉ. बन्सीधर कात्नेश्वरकर यांना हे सारे ठाऊक होते, कारण त्या परातीच्या तळाशी त्यांची सही होती.

दहा वर्षांपूर्वी जागेबद्दल एक तक्रार आली, तेव्हा इतिहासाचे तज्ज्ञ म्हणून त्यांचे मत मागवण्यात आले होते. तक्रार मेंढपाळांची होती: इथे आमची माणसे पुरलेली आहेत. निजामाच्या काळातले दप्तर, तेही शिकस्ता वळणाच्या घाईच्या अक्षरातले, घडाघडा वाचणारी जी चार माणसे मराठवाड्यात उरली होती त्यांपैकी बन्सीधरराव एक. दप्तरात त्या जमिनीपुढे एकच शब्द होता: बंजर. ओसाड. त्या एका शब्दावर त्यांनी अकरा ओळींचा अहवाल उभा केला. ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीअंती असे प्रमाणित करण्यात येते की, प्रस्तावित जागेवर कोणतेही दफनस्थान, स्मृतिशिला अथवा मानवी अवशेष नाहीत.’ पडताळणी कोणी केली नाही. जी लिपी वाचणारे चारच उरतात, तिच्यात ते चौघे सांगतील तेच लिहिलेले असते.

स्थळपाहणी झालीच नव्हती. मे महिना होता, पारा पंचेचाळिसावर होता, आणि विश्रामगृहातला कूलर नवा होता.

आता, दिवाळीच्या तोंडावर, स्टेडियम समितीचे सचिव आबासाहेब यांचा फोन आला. “सर, जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा हाय आपल्याकडं. पर सेंटर कोर्ट दगा द्यायलंय. ठेकेदार म्हणतो, वरवरची मलमपट्टी बास झाली, आठ फूट काळी माती उपसून मुरूम भरावा लागतो. अन् एवढं खोल खणायचं तर दाखला नवा पायजे. तुमी पाडव्याला या. मुहूर्तावर सही, मुहूर्तावर जेसीबी. मागच्या टायमाला जे लिव्हलं तेच पुन्यांदा लिव्हायचं, बाकी काई न्हाई.”

तेच पुन्हा लिहिणे हा विद्वत्तेचा फार मोठा भाग असतो. बन्सीधररावांनी छत्रपती संभाजीनगरच्या घरी बसूनच दाखला टंकून घेतला आणि पिशवीत ठेवला. स्थळ पाहण्याआधी अहवाल तयार ठेवण्याची त्यांची सवय जुनी होती. त्यामुळे स्थळ मध्ये येत नसे.

फक्त फोन ठेवता ठेवता आबासाहेब हसत एक वाक्य बोलून गेले होते. “सात पांढरे डाग पडत्यात सर कोर्टावर, माणसाएवढे. लोक काईबाई बोलायलेत.” तेव्हापासून सात हा आकडा बन्सीधररावांच्या वाचनात कारण नसताना येऊ लागला. सातव्या पानावर खूण अडकलेली असे. तळटीप सातवीच सापडत नसे. अडुसष्टाव्या वर्षी डोळे असे करतात, हे त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून वदवूनही घेतले.

पाडव्याच्या सकाळी ते परभणीला उतरले. स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, “कुठं जायलाव काका?”

“टेनिस स्टेडियम.”

“आज लगीन हाय का भरती?”

“कोर्ट पाहायचे आहे.”

रिक्षावाल्याने आरशातून त्यांना नीट न्याहाळले. “बघा की. बघायला काय लागतंय. पर बाराच्या आत भाईर निघा.”

“का?”

“का म्हंजे? ऊन लागतं,” तो म्हणाला आणि त्याने रिक्षा दामटली. कार्तिकातल्या उन्हाला इतके घाबरणारा माणूस बन्सीधररावांनी परभणीत कधी पाहिला नव्हता.

रिक्षा त्यांनी मुद्दाम अलीकडेच सोडली. उशीर करण्याचा तो एक सभ्य मार्ग होता. स्टेडियमने आपल्याभोवती एक अख्खा मोहल्ला प्रसवला होता आणि नामकरणही आपल्याच कुळाचाराने केले होते. ‘ड्यूस टी हाऊस’. ‘बॅकहँड जेन्ट्स पार्लर’. ‘लव्ह ऑल लॉन्स : मंगल कार्यालय, एसी हॉल, वधूपक्षासाठी स्वतंत्र खोल्या’. ‘सेंटर कोर्ट रेसिडेन्सी, टप्पा दोन’. टप्पा एक कुठे दिसत नव्हता. दारोदार झेंडूची तोरणे होती, आकाशकंदील दिवसाही पेटलेले होते. एका दुकानात रॅकेटी टांगलेल्या पाहून ते क्षणभर थबकले, पण त्या डास मारायच्या होत्या. विद्येप्रमाणेच खेळाचेही असते. पाटी आधी येते, वस्तू मागाहून आली तर येते.

या नव्या नावांच्या मागे पत्र्याच्या घरांची एक जुनी ओळ होती. तिथे कंदील नव्हते. प्रत्येक उंबऱ्याशी एक रिकामी दगडी वाटी पालथी घातलेली होती, आणि भिंतींवर काळी घोंगडी वाळत होती. वाळत म्हणजे ओली असणार. कारण ओल्या लोकरीचा तो कुबट, उबदार वास गल्लीभर भरून राहिला होता. बन्सीधररावांनी जवळून जाताना एका घोंगडीला हात लावून पाहिला. ती कोरडी खडखडीत होती.

ते परत फिरून ड्यूस टी हाऊसमध्ये बसले.

“इथे मेंढ्या कोण पाळतं?” त्यांनी हॉटेलवाल्याला विचारले.

“मेंढरं?” हॉटेलवाला चहा गाळता गाळता हसला. “कवाच इकली समद्यांनी. चारायची कुठं? चारायच्या जागेवर तर ही परात मांडलीय.”

“मग हा वास?”

“येतो. पाडव्याला लय येतो.” त्याने कप पुढे सरकवला. “गिऱ्हाईक तुटत न्हाई त्यानं, म्हणून आमी बी काई बोलत न्हाई.”

मागे कोणीतरी खोकले. घसा खरवडून काढणारा, दमलेला, म्हाताऱ्या माणसाचा खोकला. बन्सीधररावांनी वळून पाहिले तर मागे बाकही नव्हते. भिंत होती, आणि भिंतीपलीकडे स्टेडियम. मेंढरू खोकते ते थेट म्हाताऱ्या माणसासारखे, हे खेड्यात लहानपण गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. बन्सीधररावांचे लहानपण खेड्यातच गेले होते. ते विसरण्यासाठी त्यांनी तीन भाषा शिकल्या होत्या.

चहा अर्धा टाकून ते उठले.

स्टेडियमच्या फाटकाशी जेसीबी उभा होता. त्याच्या लोखंडी दातांना झेंडूचा हार घातला होता आणि बकेटवर हळदी-कुंकवाची पाच बोटे उठवली होती. त्याचा चालक भागवत, गंगाखेडकडचा तिशीतला माणूस, सावलीत बसून पान जुळवत होता. आबासाहेब पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हातात पुष्पगुच्छ घेऊन सामोरे आले.

“या सर, या! विद्वानांचे पाय लागले. दाखला आणलाय ना?”

“आणला आहे. सही राहिली आहे.”

“मग तर झालंच की. चला, कोर्ट दावतो. म्हंजे स्थळपाहणी बी झाली,” आबासाहेब डोळा बारीक करून म्हणाले. “मागच्या टायमाला राहिलती म्हणं.”

ही गोष्ट आबासाहेबांना ठाऊक होती, आणि ती ठाऊक असूनही बन्सीधररावांनाच पुन्हा बोलावण्यात आले होते. किंबहुना म्हणूनच बोलावण्यात आले होते.

बोगद्यासारख्या वाटेतून ते आत गेले आणि एकाएकी सगळीकडून रिकाम्या खुर्च्यांनी त्यांना वेढले. निळ्या, पिवळ्या, ओळीवर ओळ, वर आभाळाला टेकेपर्यंत. मध्ये लाल मातीचे कोर्ट, जाळे, आणि पंचांची उंच शिडीची खुर्ची. आणि कोर्टावर सात पांढरे डाग.

ते डाग म्हणण्याजोगे नव्हते. आकार होते. माणूस कुशीवर निजावा एवढे लांब, तेवढेच रुंद, सगळे एकाच दिशेला डोके करून. चार जाळ्याच्या अलीकडे, तीन पलीकडे. मातीतून बारीक पांढरी साय वर आल्यासारखी दिसत होती.

“लोणा हाय म्हणत्यात इंजिनियर लोक,” आबासाहेब म्हणाले. “भिंतीला लागतो तसा. धुतला, खरवडला, दोन येळा वरची माती बदलली. दिवाळी आली की हे आपले हजर. ही बघा गंमत.” त्यांनी खिशातून टेनिसचा चेंडू काढला आणि लाल मातीवर टाकला. चेंडू कमरेइतका उसळला. तो झेलून त्यांनी जवळच्या पांढऱ्या आकारावर टाकला. थप्प असा आवाज झाला आणि चेंडू पडला तिथेच राहिला. घरंगळलासुद्धा नाही. कोणी तळहातात घेऊन मूठ मिटावी तसा.

“पुण्याची एक पोरगी रडत गेली सर. म्हणाली, तिकडून कोणीतरी बॉल धरतंय.” आबासाहेब मोठ्याने हसले. त्यांचे हसणे खुर्च्यांवर आपटून थोड्या वेळाने परत आले, तेव्हा ते हसण्यासारखे वाटले नाही. आबासाहेबांनी घड्याळ पाहिले. “मी जेसीबीपुढं नारळ फोडून येतो. तवर तुमी निवांत सही करून ठिवा. घरी बायको ओवाळायला थांबलीय, मला बी लवकर जायचंय.”

ते गेले. साडेअकरा वाजले होते. बन्सीधररावांनी पिशवीतून दाखला काढला, पेनाचे टोपण काढले. सही केली तर बाराच्या आत ते लोखंडी दात इथे उतरणार होते. नाही केली तर का नाही हे सांगावे लागणार होते, आणि ते सांगताच जुना अहवाल, त्या अहवालावर उभी राहिलेली समितीची पदे, ‘अभिलेखांचे व्रतस्थ अभ्यासक’ हे मानपत्रातले शब्द, सगळेच खाली बसणार होते. निवड कठीण नव्हती. त्यांनी ती घरीच करून ठेवली होती.

वरच्या ओळींतून खोकला ऐकू आला.

त्यांनी मान वर केली. साडेपाच हजार खुर्च्या. दुसरा खोकला डावीकडून, आणखी खालच्या ओळीतून. मग सिमेंटच्या पायरीवर काहीतरी टकटकले; लहान, टणक, एकामागून एक. पाहिले तर काही नाही. उन्हात आसनांवरची धूळ तेवढी तरंगत होती. ओल्या लोकरीचा वास आता त्यांच्या अंगालाच येत होता.

“पाय काढा मास्तर. येडबाच्या अंगावर उभे हाव तुमी.”

त्यांच्या हातातून पेन पडले. मागे एक म्हातारी उभी होती. हातात लांब दांड्याचा झाडू, लुगड्याचा काचा मारलेला, गळ्यात समितीचे ओळखपत्र. त्यावर नाव होते : बानूबाई, कोर्ट सफाई. बन्सीधररावांनी खाली पाहिले. आबासाहेबांची चेंडूची गंमत पाहण्याच्या नादात ते पांढऱ्या आकाराच्या मधोमध येऊन उभे राहिले होते. ते चटकन बाजूला झाले. बुटांचे ठसे उमटले होते.

“येडबा कोण?”

“माझा मालक.”

“तुम्ही मला मास्तर कशावरून म्हणता?”

“वळखते की. सरकारी बंगल्याच्या वसरीत चहा पीत बसल्ते तुमी. आमी धा-बारा जण उनात हुबे होताव. तुमी म्हणलाव, कागद हाय का? मी म्हणलं, कागद न्हाई, मीठ हाय. मूठ उघडून दावली. तुमी हासलाव.”

बन्सीधररावांना ते आठवले. आठवले म्हणण्यापेक्षा, ते कधी विसरलेच नव्हते. ‘मौखिक परंपरा आणि तिच्या मर्यादा’ हे त्यांचे गाजलेले व्याख्यान याच प्रसंगाने सुरू होत असे. एक निरक्षर बाई, मालकीचा पुरावा म्हणून मूठभर खडेमीठ. नांदेडला, पुण्याला, एकदा दिल्लीला, सभागृहे हमखास हसली होती. दहा वर्षे त्या मिठावर त्यांनी टाळ्या मिळवल्या होत्या. ते मीठ कशासाठी होते, हा प्रश्न त्यांना किंवा त्या सुशिक्षित श्रोत्यांपैकी कोणालाही पडला नव्हता. जगातली एकूण एक पोथी वाचलेल्या माणसालाही समोरच्या बाईला साधे ‘का?’ विचारण्याची लाज वाटावी, अशी व्यवस्था आपल्याकडे विद्यापीठे मोठ्या कष्टाने उभारतात.

“ते मीठ कशासाठी होतं?” त्यांनी विचारले.

बानूबाईने झाडू थांबवला. “आता इचारलं! धा वर्सं लागली व्हय तुमाला?” ती पदराने तोंड पुसत म्हणाली. “आमच्यात माणूस पुरत्यात. वर दगड हुबा करत न्हाईत, आडवा घालत्यात, भुईबराबर. हुबा दगड मेंढराच्या पायात येतो. पाडव्याला दगडावर खडेमीठ ठिवायचं अन् मेंढरं सोडायची. मेंढरानं चाटलं की वाडवडलाला पोचलं. चाटून चाटून दगडाला खळगी पडत्यात. खळगी जेवढी खोल, तेवढा माणूस जुना. कागदाचं तुमी इचारलाव. ह्यो आमचा कागद.”

बन्सीधरराव मनाशी हिशेब करू लागले. किती पाडवे, किती मीठ. पावसाने विरघळून काळ्या मातीत उतरलेले, आणि दर पावसाळ्यानंतर ओलाव्याबरोबर वर येऊ पाहणारे. दगड आडवे होते म्हणून कोणत्याही नकाशावर नव्हते. गवताखाली होते म्हणून पटवाऱ्याने घोड्यावरूनच ‘बंजर’ लिहिले. त्या पटवाऱ्याने निदान घोड्यापर्यंत तरी कष्ट घेतले होते. स्पष्टीकरण पूर्ण झाले, आणि त्याने काहीच संपले नाही. वरच्या ओळीत पुन्हा कोणी खोकले, आणि बानूबाईने त्या दिशेला असे पाहिले जसे घरातले माणूस उठल्याची चाहूल घ्यावी.

“तुम्हालाही ऐकू येतं?” त्यांनी विचारले.

“बहिरी न्हाई मी.”

“हे मीठ तुम्हीच टाकता ना? झाडता झाडता?”

“आदी टाकत हुते, वटीत चोरून आणून. पर तीन वर्सं झाली, फाटकावर झडती घ्यायलेत. एक खडा न्हाई टाकला.”

“मग हे कुठून येतं?”

“मला काय इचारता? त्येंलाच इचारा.” ती पुन्हा झाडू लागली. “मेंढरं इकली. चाटाया कुणी न्हाई, मिठाच्या वाट्या दारात पालथ्या पडल्यात. घेनारं कुणी नसलं की वर येतंय.”

फाटकापाशी नारळ फुटल्याचा आवाज आला. जेसीबीचे इंजिन सुरू झाले आणि त्याची घरघर बोगद्यातून आत शिरली.

“दगड कुठे आहेत?” बन्सीधररावांनी घाईने विचारले.

“खालीच हायत. तवा नुसता मुरूम टाकून दाबलं, खणलं न्हाई. मी म्हणलं, असू दे. मेंढराच्या पायाखाली हुते, आता बुटाच्या पायाखाली. पर आता आठ फूट खणायलेत म्हणं.” ती थांबली. “येडबा पाच फुटावर हाय, मास्तर. मी सोता मोजून पुरलाय.”

बन्सीधररावांनी खाली वाकून पेन उचलले. पेनाला पांढरे लागले होते. त्यांनी ते बोटाने पुसले, आणि लहानपणी जे केले असते ते केले: बोट जिभेला लावले. मीठ होते.

त्यांनी टंकलेला दाखला हातात घेतला. ‘प्रत्यक्ष स्थळपाहणीअंती’ हे पहिले शब्द होते. कागद त्यांनी उलटा केला, पंचांच्या खुर्चीच्या पायरीवर टेकवला आणि कोऱ्या पाठीवर हाताने लिहायला सुरुवात केली. आधी लिहिले की, दहा वर्षांपूर्वीचा अहवाल मी ही जागा न पाहता दिला होता, त्यातली स्थळपाहणी खोटी आहे. हे वाक्य लिहायला त्यांना एवढा वेळ लागला की बानूबाई दोनदा “झालं का?” म्हणाली. मग ते म्हणाले, “आता नावं सांगा. क्रमाने.”

“येडबा.”

त्यांनी पावलांनी अंतर मोजले. ‘येडबा : उत्तरेकडील बेसलाइनपासून आत चार पावले.’

“त्याच्या शेजारी त्याची आई, कस्तुराबाई. मग आश्रुबा. ह्यो जाळ्याजवळचा लिंबाजी, ईज पडून गेला. पल्याड पंचफुला, बाळंतपणात गेली. तिच्या उशाला धुरपताबाई.”

सर्व्हिस लाइन, मधली रेषा, कडेची रेषा. टेनिसचे ते सारे शुभ्र, परदेशी भूमितीशास्त्र आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

“आणि सातवा?”

बानूबाई दक्षिणेकडच्या कोपऱ्यातल्या आकारापाशी गेली. “ह्यो लय जुना. ह्येचं नाव कुणालाच ठाव न्हाई. माझ्या सासूला बी न्हवतं. समद्यात खोल खळगी ह्येचीच.”

बन्सीधररावांनी लिहिले, ‘नाव ज्ञात नाही.’ मग सही केली आणि तारीख घातली.

“काय लिव्हलं ते वाचून दावा,” बानूबाई म्हणाली. “मागच्या टायमाला कुणी वाचून दावलं न्हाई.”

ते वाचू लागले. व्याख्यानांनी घडवलेला, मागच्या ओळीपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज होता. त्या परातीने तो उचलला. येडबा, म्हटल्यावर क्षणभराने खुर्च्यांतून येडबा परत आले. कस्तुराबाई. आश्रुबा. प्रत्येक नाव जाई, वर कुठेतरी टेकून येई. लिंबाजी. पंचफुला. धुरपताबाई. बोगद्यातली घरघर अचानक थांबली. त्या शांततेत त्यांनी शेवटचे वाक्य वाचले: “नाव ज्ञात नाही.”

हे परत आले नाही. त्या जागी वरच्या ओळीतून एक खोकला आला, मग खालून दुसरा, मग चहूबाजूंनी, जशी एखादी सभा भाषण ऐकून झाल्यावर घसे मोकळे करते.

आबासाहेब धावतच आत आले. त्यांच्या मागे भागवत होता. त्याने चपला बोगद्यातच काढल्या होत्या.

“सर, काय चाललंय? ह्यो गाडी बंद करून बसला!”

“हितं माणसं हायत म्हणं,” भागवत म्हणाला. “नावं घेतलेली आयकली मी. मी बकेट लावणार न्हाई सायेब.”

आबासाहेबांनी बन्सीधररावांच्या हातातला कागद ओढून घेतला आणि वाचला. त्यांचे हसणे चेहऱ्यावरच राहिले, आतले माणूस मात्र निघून गेले. “ही जागा पाहिली न्हवती, हे कागदावर लिव्हायचं असतंय व्हय? मग तवा काय पाहिलं म्हणायचं तुमी?”

“कूलर.”

“सर, चेष्टा नका करू.”

“दहा वर्षांत आज पहिल्यांदाच करत नाही.”

“ठीक हाय.” आबासाहेबांनी कागद परत दिला. “तुमचा जुना अहवाल हाय की आमच्याकडं, सहीशिक्क्याचा. त्याच्यावर करतो काम. अन् परभणीत जेसीबी काय ह्यो एकच हाय?”

बन्सीधररावांना याच उत्तराची भीती होती. त्यांची जुनी सही त्यांच्याहून जास्त दणकट होती. ती त्यांच्याशिवायही चालू-फिरू शकत होती. “करा,” ते शांतपणे म्हणाले. “सण सरून कचेरी उघडली की मी हा कागद घेऊन तिथे बसेन. दोन्ही कागदांवर सही एकाच माणसाची असेल, आणि त्यातला एक खोटा आहे असे त्यानेच लिहून दिलेले असेल. मधल्या वेळात पहिले हाड वर आले, तर ते कोणाच्या हुकमाने आले, एवढेच विचारले जाईल. मी तेव्हा तुमचे नाव घेईन. माझे तर मी आत्ताच दिले आहे.”

“तुमचं नाव जाईल सर. चाळीस वर्सांचं.”

“खणा ते. खाली काहीही अवशेष नाहीत, याचा दाखला मी देतो.”

आबासाहेब मोबाइल काढून, “आज राहू दे रे,” असे कोणाला तरी म्हणत बोगद्यात नाहीसे झाले. त्यांच्यामागे भागवत निघाला. जाता जाता त्याने वाकून लाल मातीला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

कागद बन्सीधररावांनी पुन्हा एकदा हाताने उतरवून काढला. एक प्रत पिशवीत ठेवली, दुसरी बानूबाईला दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, चौघडी केली आणि कमरेच्या चंचीत, सुपारीशेजारी सारली. आभार मानले नाहीत. मानण्यासारखे काही नव्हते.

“आता जायलाव?” तिने विचारले.

“गाडी दोनला आहे. पण राहावं लागेल. कचेरी उघडेपर्यंत.”

“मग एक काम ऱ्हायलंय.” तिने झाडू जाळ्याला टेकवून उभा केला. “आज पाडवा हाय, मास्तर. मीठ वर आलंय. मेंढरू आत सोडत न्हाईत. मी त्येंची सून, मला चालत न्हाई. कुणीतरी चाटाया पायजे.”

ती थट्टा करत नव्हती. बन्सीधररावांनी साडेपाच हजार खुर्च्यांकडे पाहिले. बारा वाजून गेले होते, कार्तिकातले ऊन तिरपे असूनही कोर्टावर कशाचीच सावली उरली नव्हती, आणि रिक्षावाल्याचे ऊन त्यांना आता कळले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत ते चालत गेले, नाव नसलेल्या माणसापाशी. एक गुडघा टेकला, मग दुसरा. मग दोन्ही तळहात मातीवर ठेवून ते खाली वाकले.

नऊ वर्षे रोज लोखंडी रोलर फिरून कोर्ट आरशासारखे सपाट झाले होते. पण जीभ टेकली तिथे सपाट काही लागले नाही. थंड, गुळगुळीत दगडाची खळगी लागली, जिभेच्याच मापाची. आणि ती खोल, आणखी खोल उतरत गेली. पाठीमागे, सिमेंटच्या पायऱ्यांवरून, ओळीमागून ओळ, कसलीही घाई न करता, लहान टणक खूर खाली उतरू लागले.